ओझरवरून जाणारी वाट

वाईन बघायला म्हणून मुंबई-पुण्याहून आलेली माणसं माझ्या गाडीत बसली की त्यांना वाटतं, गाडी आता गंगापूर रस्त्याला लागणार. नावाजलेल्या वाईनरी तिकडे आहेत, धरणाचं पाणीही तिकडेच दिसतं. मी त्यांना आधी आग्रा रोडने ओझरला नेते. ओझरला चाखायला काही नाही. विमानांचा कारखाना आहे, द्राक्षं भरणारी पॅकहाऊस आहेत आणि रस्ता सोडून आत शिरलं की बागाच बागा. तरी सहलीची सुरुवात इथूनच झाली पाहिजे, असं मी ठामपणे मानते.

वाईनरीत गेलं की गोष्ट १९९७ पासून सुरू होते. ती खरी आहे, पण तिच्याआधी सत्तर वर्षांची दुसरी गोष्ट आहे. नाशिकला वाईन करता आली, कारण इथल्या शेतकऱ्याने तोवर द्राक्षवेल हाताळायला शिकून घेतलं होतं. मी निफाड तालुक्यातली, कादवेच्या काठची. आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्षं आहेत. बाहेरच्या माणसाला हा मुलूख एका दिवसात दाखवायचा, हे काम पुढे माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून ही आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय मी कोणाला पेल्यापर्यंत पोचू देत नाही.

वाट दाखवण्याचा धंदा नाशिकला नवा नाही. रेल्वे आली तसे यात्रेकरू नाशिकरोडला उतरू लागले. तिथून गावात यायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घोड्यांची ट्राम होती. गावात पाऊल टाकलं की तीर्थोपाध्याय गाठायचे, आडनाव आणि मूळ गाव विचारायचे, वही उघडायचे आणि तुमचे पणजोबा कधी येऊन गेले ते दाखवायचे. मग रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, आणि दिवस उरला तर पांडवलेणी. टांगे गेले, रिक्षा आल्या, नाशिक दर्शनची बस आली, क्रम साधारण तोच राहिला. वाईनची सहल याच कुळातली. फरक एवढा, की उपाध्यायांच्या वहीत साध्या माणसाचं नाव लागायचं. वाईनच्या सहलीत कंपनीचं नाव लागतं, वाईन करणाऱ्याचं लागतं, वेल वाढवणाऱ्याचं लागत नाही.

दख्खनच्या पठारावर वाईन आधी आली ती बाहेरून, भांड्यांत भरून. नेवाशाच्या उत्खननात रोमन धर्तीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. भडोचच्या बंदरात इटलीची आणि सीरियाकडची वाईन उतरत असे, असं पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात आहे, आणि त्याच वृत्तांतात पैठण आणि तेरचाही उल्लेख येतो. म्हणजे सातवाहनांच्या काळात गोदावरीच्या खोऱ्यात कोणीतरी भूमध्य समुद्राकाठची वाईन पीत होतं. वेल मात्र पुढे बऱ्याच शतकांनी नोंदीत दिसते. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात हे त्याने नोंदवून ठेवलं. पाहुण्यांना मी हे दोनदा सांगते, कारण आमच्या साऱ्या शेतीचं गूढ त्यात आहे. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते, पानं गाळते आणि वसंतात आपली आपण उठते. आमच्याकडे तिला झोप नाही. ती वाढतच राहते. म्हणून माणसाला कात्री घेऊन तिचं वर्ष आखून द्यावं लागतं.

एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल अगदी ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या पक्क्या फांदीपर्यंत, छाटायची आणि उन्हाळ्यात नवी काडी वाढू द्यायची. या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षाचा घड तयार होतो, तो नजरेला दिसत नाही, पण तेव्हाचं पाणी चुकलं की हंगाम गेला. मग ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्या छाटणीनंतर घड बाहेर येतात, थंडीत मणी फुगतात आणि जानेवारी ते मार्च माल तयार होतो. फ्रान्समध्ये तोड सप्टेंबरात असते, आमच्याकडे शिमग्याच्या आसपास संपते. जगातल्या फार थोड्या भागांत द्राक्षाला असं दोनदा छाटतात. हे ज्ञान कोणा परदेशी सल्लागाराने आणलेलं नाही.

ओझरला हे सगळं का सांगायचं? तर १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी ओझरला द्राक्षं लावली आणि नाशिक जिल्ह्याच्या आजच्या द्राक्षशेतीची सुरुवात तिथून मोजली जाते. तेव्हाचं वाण भोकरी. मणी बियांचे, साल जाड, पण वेल दणकट. आजच्यासारखे लोखंडी अँगल नव्हते, तारा नव्हत्या. पांगाऱ्याचे खुंट रोवायचे, ते जिवंत राहायचे, त्यांच्यावर वेल चढवायची. पांगारा वेळच्या वेळी छाटायचा, म्हणजे सावली फार होत नाही. आमच्या आजोबांची पहिली बाग पांगाऱ्यावरचीच होती. बाग गेली तरी बांधावर त्यातले दोन पांगारे बरीच वर्षं उभे होते, आणि फाल्गुनात ते लाल फुलांनी भरले की आजोबा त्यांच्या खाली खाट टाकून बसत.

पाण्याची गोष्ट ओझरशिवाय सांगताच येत नाही. दारणा धरण १९१६ चं, त्याच्या पाण्याने निफाड-कोपरगावकडे ऊस पिकला. द्राक्षाला मात्र कालव्याचं पाणी नेमाने लागतं, आणि ते नेमाने मिळणं ही वेगळी लढाई होती. १९९० च्या दशकात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था उभ्या केल्या. शेतकऱ्यांनी पाणी मोजून घेतलं, आपसांत वाटलं, पट्टी आपण गोळा केली. पुढे सगळा वाघाड प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हाती चालायला आला. शेवटच्या चारीवरच्या माणसाला पाणी पोचलं, म्हणून तिथे द्राक्षं उभी राहिली. माझ्या मते वाईन मुलखातली सर्वांत थोर संस्था ही आहे. तिच्यासमोर गाडी थांबवायला मला कधी कमीपणा वाटत नाही.

भोकरीनंतर थॉमसन सीडलेस आलं. मूळ हे पश्चिम आशियातलं वाण. १८७० च्या दशकात विल्यम थॉमसन नावाच्या शेतकऱ्याने ते कॅलिफोर्नियात लावलं आणि त्याचं नाव त्याला चिकटलं. महाराष्ट्रात ते १९६० नंतर पसरलं. त्याच सुमारास राज्यातल्या बागायतदारांनी आपला द्राक्ष बागायतदार संघ काढला. थॉमसनमध्ये बी नाही, पण मणी लहान राहायचे. ते मोठे करायला औषधात घड बुडवणं, विरळणी करणं, हे सगळं शेतकरी एकमेकांच्या बागेत जाऊन शिकले. तासगावच्या शेतकऱ्याला थॉमसनमध्ये वेगळी काडी दिसली, तिचं तास-ए-गणेश झालं. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडलं. या माणसांनी नवी वाणं दिली. वाईनरीतल्या फलकावर त्यांचं नाव नसलं तरी चालेल, पण इथे फिरणाऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे.

आणखी एक धागा मला फार मोलाचा वाटतो. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण वेलींवर फवारलं, तर डावणी रोग आटोक्यात येतो, हे मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं. आमच्या गावात ते बोर्डो मिश्रण मी लहानपणापासून बघते आहे. वडील, म्हणजे आप्पा, मोरचूद रात्रभर भिजत घालत, चुना वेगळ्या ड्रममध्ये विरघळवत आणि दोन्ही एकत्र ओतताना लोखंडी पातं बुडवून बघत. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला. त्यांचे हात, सदरा, बैलगाडीचं जू, सगळं निळं व्हायचं. गावात वाईनची एक बाटली पोचण्याच्या कितीतरी आधी वाईन मुलखातलं औषध पोचलं होतं. तीच गोष्ट मुळाची. युरोपच्या बागा मुळांवरच्या किडीने उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर कलमं करून त्या वाचवल्या. आमच्याकडे ती कीड नव्हती. पण १९९० नंतर पाणी कमी पडू लागलं, जमिनी क्षारांनी चोपण होऊ लागल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी तसाच एक अमेरिकन खुंट, डॉगरिज, आधी लावून त्यावर कलम करायला घेतलं. वाईनवाले आले तोवर कलम बांधणारे हात गावोगाव तयार होते.

आता वाईन. महाराष्ट्रात तिची आधुनिक सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. पिंपळगाव बसवंतच्या बाजूलाही त्याच दशकात एक प्रयत्न झाला, तो फार टिकला नाही. तेव्हाचा काळ लक्षात घेतला पाहिजे. राज्याचा मूळ कायदा १९४९ चा, दारूबंदीचा. आजही तोच आहे. त्याच्या चौकटीत परवाने, सवलती देत देत वाईन बसवावी लागली. कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण असावं लागतं. गाडीत कॉलेजची मुलं असली, तर मी हे ओझरलाच सांगून टाकते.

मग राजीव सामंत. अमेरिकेत शिकून, नोकरी करून परत आले. गंगापूर धरणाजवळ वडिलांची जमीन होती. आधी आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असे प्रयोग झाले. १९९७ मध्ये त्यांनी सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाणांची लागवड केली. कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की वाईन करायला मदतीला आले. पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात गेल्या. आई सुलभा, तिच्या नावावरून ‘सुला’. लागलीच २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला, सांगलीत पलूसला वाईन पार्क आखले. मग निफाड-दिंडोरीत लोंढाच आला. द्राक्षाचा बागायतदार, डॉक्टर, बांधकामवाला, जो तो वाईनरीची भाषा बोलू लागला.

पुढचं मी विंचूरला सांगते, आणि तिथे वेळ काढून सांगते. खायच्या द्राक्षाच्या शेतकऱ्याला निवड असते. निर्यातीचा भाव पडला तर स्थानिक व्यापारी, तोही पळाला तर बेदाणा. वाईनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं. ते बाजार समितीत कोणी घेत नाही, त्याचा बेदाणा करून उपयोग नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, वाईनरी. आणि ते गिऱ्हाईकही ठरावीक दिवशी आलं पाहिजे. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. खायचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला काढतात, वाईनचं बावीस-चोवीसला. साखर तिथे पोचली की माल दोन-चार दिवसांत उतरवावा लागतो, नाहीतर मणी सुकतात, आंबटपणा जातो आणि वाईनवाला नाक मुरडतो. एवढी जोखीम शेतकऱ्याने २००१ नंतर उचलली, ती कराराच्या भरवशावर. कित्येकांचे करार एका पानाचे होते.

आप्पांनी दोन एकर शिराज लावलं. एका वाईनरीचा माणूस घरी आला होता, भाव बोलला, रोपं दिली. पहिले दोन हंगाम चांगले गेले, आप्पांनी ठिबक बदललं. मग २००८ आलं. जगात मंदी, आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला. वाईनचा मोठा खप पंचतारांकित हॉटेलांत, परदेशी पाहुण्यांच्या टेबलावर होता. हॉटेलं ओस पडली, तशा टाक्या भरलेल्या राहिल्या. ज्या टाकीत जुनी वाईन आहे तिच्यात नवा रस कुठे ओतणार? २००९ च्या हंगामात आमचा माल तयार झाला आणि गाडी आली नाही. आप्पा रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून आकडा बघत, वहीत लिहीत, फोन करत. आकडा वाढत गेला. शेवटी अर्धा माल उशिरा गेला, पडत्या भावात, त्याचे पैसे पुढच्या दिवाळीनंतर आले. उरलेला वेलीवर सुकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला, डावणीने पानं जाळली. २०१० मध्ये आम्ही शिराज उपटलं. त्याच अँगलवर थॉमसन चढवलं. आमच्यासारखे तालुक्यात ठिकठिकाणी होते. नारायणगावची ती पहिली मोठी कंपनीसुद्धा त्याच वर्षांत कर्जाखाली गेली.

ही वर्षं सहलीत कुठेच येत नाहीत. वाईनरीतली मुलं-मुली छान समजावतात, पीप कसं भाजतात, पेला कसा धरायचा, हे सगळं सांगतात. २००९ सांगत नाहीत. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी सांगते.

सहलीच्या धंद्याचं मोलही मला इथेच दिसतं. सुलाने २००५ मध्ये द्राक्षबागेच्या कडेला चाखण्याची खोली उघडली. त्याआधी वाईन हॉटेलात दिसायची, नाहीतर दुकानाच्या मागच्या फळीवर. आता माणूस स्वतः वेलीपाशी यायला लागला. गंगापूर धरणाकडे सोमा, यॉर्क अशा वाईनरींनी दारं उघडली, कवनईला, संजेगावला इगतपुरीच्या डोंगरांत वाईनरी झाल्या, दिंडोरीला फ्रेंच शांदों आली. मंदीत मी पाहिलं, ज्यांच्याकडे स्वतःच्या दारात विकत घेणारा माणूस येत होता ते टिकले. जे फक्त हॉटेलच्या ऑर्डरीवर होते ते कोसळले. म्हणजे माझ्या गाडीत बसलेला पाहुणा हा नुसता हौशी नाही. त्याच्या येण्यावर आमच्या बागांचा भाव उभा आहे. तेव्हा त्याला पूर्ण गोष्ट कळणं हा त्याचा हक्क आहे.

गर्दी डिसेंबर ते मार्च असते. घड लोंबतात, फोटो होतात. मी मात्र ऑक्टोबरात येणाऱ्यांवर जीव टाकते. तेव्हा बागेत छाटणी चालू असते आणि पेठ, सुरगाण्याकडच्या बायका टोळीने आलेल्या असतात. पहाटे टेम्पोतून उतरतात, डबा फांदीला अडकवतात आणि छाटलेल्या काडीच्या एकेका डोळ्याला औषधाची पेस्ट लावत ओळ पुढे नेतात, म्हणजे डोळे एकदम फुटतात. हातात रबरी मोजे असतात, पण घाम आला की काहीजणी ते काढतात. ते औषध कातडीला फार वाईट. मुकादमाला मी दर वेळी मोजे बदलून द्यायला सांगते, पाहुण्यांसमोर सांगते. याच बायका पुढे विरळणीला येतात, कात्रीने घडातले नको ते मणी काढतात. एका घडाला हात किती वेळा लागतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पाचशे रुपयांच्या बाटलीत शेतापर्यंत किती पोचतात हा प्रश्न पाहुणे स्वतःच विचारतात. साधारण एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं, एवढं मी सांगते. बाकीचा हिशेब त्यांना गाडीत करू देते.

जानेवारीत निफाडला पारा उतरला की रात्री बागांत शेकोट्या पेटतात, बांधाबांधाला धूर धरतात, कारण थंडीने मण्यांना तडे जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा घडांचा लगदा झाला होता. त्या आठवड्यात ज्यांची सहल ठरलेली होती, त्यांच्यापैकी काहींना मी सांगितलं, आलात तर हेच दाखवीन. काही आले. त्यांनी आमच्या शेजाऱ्यांच्या बागेत पडलेले घड वेचून बाहेर टाकायला हात लावला.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. राज्यभर वाद पेटला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. मला दोन्ही बाजू कळतात. माझ्या माहेरच्या गल्लीत दारूने घरं बसलेली मी पाहिली आहेत. तरी शेतकऱ्याच्या नावावर निर्णय घेताना किंवा अडवताना, वाईनचं द्राक्ष लावणाऱ्याला त्या सगळ्या गदारोळात कोणी समोर बसवलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, आता पुन्हा वाईनचं वाण लावलं आहे, या वेळी एक एकर शेनिन ब्लां. काही वाईनरी आता दहा-बारा वर्षांचे लेखी करार करतात, तसा हा करार आहे. सही करण्याआधी तो आठवडाभर आमच्या ओसरीवर होता. त्यात दर कसा ठरेल ते लिहिलं आहे, ब्रिक्स लिहिलं आहे, पैसे किती दिवसांत यायचे ते लिहिलं आहे. माल तयार झाल्याचं कळवल्यापासून किती दिवसांत गाडी आलीच पाहिजे, आणि आली नाही तर भरपाई काय, हे कलम मसुद्यात नव्हतं. ते आप्पांनी घालून घेतलं.